एसी नसलेल्या गोडाऊनचं तापमान किती धरायचं?

मुंबई-नाशिक महामार्ग माणकोली नाक्यावर सोडून अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा या गावांकडे वळलं की दोन्ही हातांना पत्र्याची शेडं लागतात. मुंबईची जकात लागू नये म्हणून शहराच्या हद्दीबाहेर माल उतरवायची पद्धत पडली आणि भिवंडीत गोडाऊनं वाढली. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोडाऊनं कमी झाली नाहीत; उलट आकाराने मोठी झाली. यांतल्या बहुतेक शेडमध्ये एक केबिन असते. प्लायचं पार्टिशन, वर फॉल्स सीलिंग, आत दोन-तीन कॉम्प्युटर, बिलं काढायचा प्रिंटर आणि एक स्प्लिट एसी. एप्रिल-मेच्या दुपारी त्या एसीचा रिमोट अठरावर असतो आणि आत बसलेला माणूस तरीही घाम पुसत असतो. एसीवाला येतो, गॅस तपासतो, फिल्टर धुऊन जातो. बहुतेक वेळा यंत्रात बिघाड नसतोच. चूक त्याआधी, हीट लोडच्या कागदावर झालेली असते. केबिनच्या पार्टिशनपलीकडे किती तापमान आहे, ते कुणी काढलेलंच नसतं.

इमारतीच्या औष्णिक हिशेबात हा जुना प्रश्न आहे. थंड देशांतल्या पुस्तकांत त्याला ‘अनहीटेड स्पेस’ म्हणतात: घराला लागून असलेलं गॅरेज, तळघर, कौलाखालचा माळा. घरात हीटर, या जागांत नाही. आपल्याकडे हीटरच्या जागी एसी येतो, पण प्रश्न तोच राहतो. ज्या जागेचं तापमान कुठलंही यंत्र सांभाळत नाही, ती जागा हिशेबात कशी धरायची? भिवंडीत हा प्रश्न उलटा आणि मोठा होऊन समोर येतो. तिकडे घर मोठं आणि गॅरेज लहान असतं. इथे एसीची केबिन तीस चौरस मीटरची आणि तिच्याभोवतीची बिनएसी जागा अठराशे चौरस मीटरची.

नेहमीच्या तीन पळवाटा

पहिली पळवाट सॉफ्टवेअरमध्ये केली जाते. केबिनच्या भिंतींना ‘ॲडियाबॅटिक’ असा शिक्का मारायचा, म्हणजे पलीकडून काहीच उष्णता येत नाही असं मानायचं. दोन एसी खोल्या शेजारी असतील आणि दोन्हीकडे चोवीस अंश असतील, तर हे बरोबर. गोडाऊनमधल्या केबिनला हे लावणं म्हणजे तिच्या लोडचा सर्वांत मोठा हिस्सा खोडून टाकणं.

दुसरी पळवाट: पलीकडे बाहेरची हवा आहे असं धरायचं. ही निदान काहीतरी लोड देते.

तिसरी सर्वांत जास्त चालते, कारण ती हीट लोडच्या छापील तक्त्यातच असते. बाहेरच्या तापमानातून ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ३ अंश सेल्सिअस वजा करायचे आणि ते ‘पार्टिशन’च्या रकान्यात भरायचं. हा नियम जुन्या अमेरिकन पद्धतीतून आला आणि आपल्याकडे एक्सेल शीटमध्ये जसाच्या तसा उतरला. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीतला पॅसेज, जिना, लिफ्टजवळची मोकळी जागा यांना तो चालतो. त्यांच्यावर ऊन थेट पडत नाही, वर दुसरा मजला असतो, जाड भिंती दिवसभराचा ताप धरून ठेवतात. अशा जागांसाठी वेगळा हिशेब मांडत बसू नका, तीन अंश वजा करा आणि पुढे जा.

पत्र्याच्या शेडला मात्र हा नियम लावू नका. तिथे चिन्हच बदलतं: वजा नव्हे, अधिक.

युरोपातला गुणक इथे का फसतो

आयएसओ १३७८९ या मानकात अशा जागांसाठी एक गुणक दिला आहे, त्याला b म्हणतात. बिनहीटरच्या जागेतून बाहेर किती उष्णता जाते, ते भागिले त्या जागेत आतून येणारी आणि बाहेर जाणारी यांची बेरीज. जागा पुरती बाहेरच्यासारखी असेल तर b एक येतो, पुरती घरासारखी असेल तर शून्य. उत्तर कायम शून्य आणि एक यांच्या मध्येच राहतं, कारण मूळ गृहीत असं आहे की ती जागा घराहून थंड आणि बाहेरहून ऊबदार असणार. हिवाळ्यातल्या ढगाळ जर्मनीत हे खरं आहे. भिवंडीत मे महिन्यात नाही, कारण या गुणकात ऊन कुठेच नाही. पत्र्यावर पडणारं ऊन मध्ये आलं की मधली जागा दोन्ही बाजूंहून गरम होते. ज्या विद्यार्थ्यांनी हा गुणक परदेशी अभ्यासक्रमातून उचलला आहे, त्यांनी तो इथे वापरण्याआधी पुढचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा.

एक शेड, हाताने

शेड ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद, सरासरी ८ मीटर उंच धरू. छत १८०० चौरस मीटर, भिंती १४४० चौरस मीटर, आतली हवा १४,४०० घनमीटर. मे महिन्यातली दुपार, बाहेर ३८ अंश, आडव्या पृष्ठभागावर ९०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन. पत्रा काही वर्षं जुना, धुळीने मळलेला, म्हणजे उन्हाचा साधारण ६० टक्के भाग शोषणारा.

आधी पत्र्याला ‘जाणवणारं’ बाहेरचं तापमान काढायचं. शोषलेलं ऊन ५४० वॅट, त्याला बाहेरच्या पृष्ठभागाच्या गुणकाने, म्हणजे २० ने भागलं की २७ अंश. पत्रा वर आकाशाकडेही उष्णता फेकतो, त्याचे सुमारे ४ वजा. उरले २३. म्हणजे छतासाठी बाहेरचं तापमान ३८ नव्हे, ६१ धरायचं.

मग प्रत्येक मार्गाने किती उष्णता वाहते ते पाहायचं. साध्या पत्र्याचं यू-मूल्य, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंशाला वाहणारी उष्णता, साडेचारच्या घरात येतं. १८०० ने गुणलं की दर अंशाला ८१०० वॅट. भिंतींचं यू-मूल्य २ धरलं तर २८८०. तासाला एकदा हवा बदलते असं धरलं तर घनमीटरला ०.३३ या हिशेबाने ४७५० च्या आसपास. शेवटी जमीन. काँक्रीटचा कोबा दिवसा बरीच उष्णता गिळतो; चौरस मीटरला ४ धरून ७२०० वॅट प्रति अंश, आणि कोब्याचं सरासरी तापमान ३५.

आता प्रत्येक मार्गाचं तापमान त्याच्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचं. छत ६१ अंशांना ओढतं, भिंती आणि हवा ३८ ला, जमीन ३५ ला. उत्तर येतं सुमारे ४५ अंश. बाहेर ३८, शेडमध्ये ४५. जमीन विसरलात तर उत्तर जवळजवळ ५० येतं, म्हणून कोबा सोडू नका. मात्र रॅक आणि मालाने कोबा झाकला असेल तर त्याचा आधार कमी होतो, हेही ध्यानात ठेवा.

हा हिशेब एका स्थिर क्षणाचा आहे. खरं शेड सकाळपासून हळूहळू तापतं आणि दुपारी उशिरा टोक गाठतं. तरी एसी निवडण्यासाठी हा आकडा ‘वजा तीन’पेक्षा कितीतरी खरा आहे.

केबिनवर याचा काय परिणाम होतो ते पाहा. केबिन ६ बाय ५ मीटर, ३ मीटर उंच, चारही बाजूंनी गोडाऊनमध्ये उभी. पार्टिशन आणि काच मिळून ६६ चौरस मीटर, वरचं फॉल्स सीलिंग ३० चौरस मीटर. दोन्ही मिळून दर अंशाला साधारण २२० वॅट आत येतात. आत २४ अंश हवे आहेत. तक्त्यातला नियम सांगतो पलीकडे ३५, फरक ११, लोड २४०० वॅट. आपला हिशेब सांगतो पलीकडे ४५, फरक २१, लोड ४६५० च्या आसपास. मधला फरक २२०० वॅटहून जास्त आहे, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश टन. माणसं, कॉम्प्युटर, दिवे, दार उघडझाप हे सगळं यावर अजून यायचं आहे. दीड टनाचा एसी इथे का हरतो, हे एवढ्यात कळतं. आणि b काढायचाच असेल तर तो १.५ येतो, जो त्या मानकाच्या सूत्रातून कधीच निघणार नाही.

फॉल्स सीलिंगबद्दल एक वेगळी सूचना. वरच्या उदाहरणात पत्र्याची खालची बाजू ५७ अंशांच्या आसपास असते. केबिनचं छत थेट त्या पत्र्याकडे ‘पाहत’ असतं आणि किरणांनी तापतं, भोवतालची हवा ४५ असली तरी. हाताने हिशेब करताना केबिनच्या छतासाठी आणखी चार-पाच अंश धरा. नुसत्या जिप्सम बोर्डच्या छतावर ५० मिलिमीटर ग्लासवूल किंवा रॉकवूल टाकलं तर छतातून येणारा लोड पाव हिश्श्यावर येतो. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम केबिनमध्ये नाही.

सॉफ्टवेअरमध्ये कसं मांडायचं

एनर्जीप्लस असो वा त्यावर चालणारं डिझाइनबिल्डर, तत्त्व एकच: शेडचा स्वतंत्र झोन करा आणि त्याला थर्मोस्टॅट देऊ नका. प्रोग्रॅम दर तासाला त्याचं तापमान उष्णतेच्या ताळेबंदातून काढतो. केबिनची प्रत्येक भिंत आणि छत शेडच्या झोनमधल्या जोडीदार पृष्ठभागाशी जोडलेलं हवं, आणि थरांचा क्रम दुसऱ्या बाजूला उलटा हवा. जोडी लागली नाही तर काही वेळा प्रोग्रॅम तो पृष्ठभाग बाहेर उघडा समजतो आणि केबिनच्या प्लायवर थेट ऊन पाडतो. रिपोर्टमध्ये पृष्ठभागांची यादी निघते, ती एकदा डोळ्यांखालून घाला.

फॉल्स सीलिंगच्या वर पत्र्यापर्यंत बंद पोकळी असेल, जशी शेडच्या कोपऱ्यात पूर्ण उंचीच्या भिंती बांधून केलेल्या ऑफिसात असते, तर त्या पोकळीचा तिसरा झोन करा. ती शेडहूनही गरम असते. केबिन शेडच्या मधोमध सुटी उभी असेल तर तिच्या वरची जागा शेडचाच भाग आहे, वेगळी काढायची गरज नाही.

उंची हा खरा अडथळा आहे. प्रोग्रॅम एका झोनला एकच तापमान देतो, जणू हवा ढवळून एकजीव केली आहे. आठ-दहा मीटरच्या शेडमध्ये वरची हवा खालच्याहून स्पष्टपणे गरम असते. केबिन जमिनीवर असेल तर एक झोन पुरतो. पण मेझनाइनवर ऑफिस असेल, आणि जागा वाचवण्यासाठी ते तिथेच चढवायची सवय आहे, तर शेडचे खालचा आणि वरचा असे दोन झोन करा, मध्ये हवेची मोकळी सीमा ठेवा आणि दोघांत थोडं हवेचं येणंजाणं द्या. मेझनाइनवर बसणाऱ्या क्लार्कच्या वाट्याला शेडमधली सर्वांत वाईट हवा येते. त्याचा लोड खालच्या तापमानावर काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

हवा किती बदलते, हा आकडा सर्वांत अनिश्चित आणि परिणामकारकही. वरच्या उदाहरणात तासाला एकऐवजी तीनदा हवा बदलली तर शेड ४५ वरून ४३ वर येतं. हा आकडा पुस्तकातून घेऊ नका, शेडवर जाऊन विचारा. शटर किती, त्यांतली दुपारी उघडी किती, गाड्या कधी लागतात, रात्री सगळं बंद होतं का, छतावर टर्बो व्हेंटिलेटर आहेत का आणि त्यांतले फिरतात किती. हे सुपरवायझर आणि वॉचमनला माहीत असतं, ड्रॉइंगवर नसतं. त्यावरून शेड्यूल बांधा.

हवामानाची फाइल निवडतानाही जपा. मुंबईच्या नावाच्या फाइलमध्ये कुलाबा किंवा सांताक्रूझची, म्हणजे समुद्राजवळची हवा असते. भिवंडी खाडीच्या आत, कल्याणच्या बाजूला आहे. समुद्राचा वारा इथवर येईपर्यंत उशीर होतो आणि उन्हाळी दुपार जास्त तापते. राष्ट्रीय इमारत संहितेच्या वर्गवारीत दोन्ही जागा उष्ण-दमट पट्ट्यातच येतात, पण एसीचा आकार ठरवताना दुपारच्या तापमानातला हा फरक लहान नसतो.

एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे ते पाहिल्याशिवाय मॉडेल बंद करू नका. केबिन शेडच्या मध्ये असते, पाइप लांब न्यायला नको म्हणून ते ‘बाहेरचं’ युनिट केबिनच्या डोक्यावरच, शेडच्या आत ठेवलेलं असतं. दीड टनाचं यंत्र तिथे जवळजवळ सात किलोवॅट उष्णता ओततं. एवढ्या मोठ्या शेडचं सरासरी तापमान त्याने पाव-अर्ध्या अंशानेच वाढतं, हे खरं. पण ते यंत्र स्वतः ४५ अंशांची हवा ओढत असतं, आणि त्याच्यावर छापलेली क्षमता ३५ अंशांना मोजलेली असते. म्हणजे लोड वाढला त्याच वेळी यंत्राची ताकद घटली. पाइप दहा मीटर जास्त लागला तरी चालेल, युनिट भिंतीबाहेर, सावलीच्या बाजूला न्या.

लूम आणि कोल्ड स्टोरेज

यंत्रमागाच्या शेडला लागून ऑफिस असेल तर पत्र्याच्या जोडीला मोटारी येतात. लूमच्या मोटारीने ओढलेली वीज शेवटी शेडमध्येच उष्णता होते. चोवीस माग, प्रत्येकी एक अश्वशक्ती, सत्तर टक्के भारावर: साडेबारा किलोवॅट. दोनशे चौरस मीटरच्या, चार मीटर उंच शेडमध्ये तासाला पाचदा हवा बदलत असली तरी एवढ्याने तापमान साडेचार-पाच अंश चढतं, उन्हाचं वेगळंच. आणि माग रात्रपाळीलाही चालतात, म्हणून ऊन गेलं तरी ही भर जात नाही. मॉडेलमध्ये मोटारी शेडच्या झोनला लावा, ऑफिसच्या नाही.

कोल्ड स्टोरेजवाल्यांना पत्र्याखालची उष्णता तुलनेने कमी जाचते. उणे वीस अंशांच्या खोलीसाठी पलीकडे ३५ धरले तर फरक ५५, ४५ धरले तर ६५. लोड अठरा टक्क्यांनी वाढतो, दुप्पट होत नाही. तिथे दारातून शिरणारी दमट हवा जास्त महाग पडते.

पावसाळा विसरू नका

जून ते सप्टेंबर हिशेब उलटतो. शेडमध्ये २९ अंश आणि नव्वद टक्के दमटपणा असेल तर दवबिंदू २७ च्या वर असतो. केबिन २२ वर ठेवली की पार्टिशनमधल्या साध्या काचेचा गोडाऊनकडचा पृष्ठभाग साडेपंचवीसच्या आसपास येतो आणि त्यावर पाणी धरतं. प्लाय जेमतेम वाचतो, पण जिथे फ्रेम किंवा स्क्रू थंड पोचवतो तिथे तोही ओलावतो. त्याला टेकून पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतील तर खालच्या रांगेचे कोपरे मऊ पडतात, आधी करडे, मग काळे ठिपके येतात, आणि माल परत येतो तेव्हा दोष पॅकिंगला दिला जातो. मॉडेलमधून फक्त तापमान नव्हे, दोन्ही बाजूंचा दमटपणा आणि पृष्ठभागाचं तापमानही काढा. केबिन २५-२६ वर ठेवली आणि खोके पार्टिशनपासून हातभर दूर ठेवले तर बहुतेक प्रश्न सुटतो. निरभ्र थंडीच्या रात्री हाच खेळ पत्र्याच्या खालच्या बाजूला होतो. पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून बाहेरच्या हवेहूनही गार होतो.

मॉडेल खरं आहे की नाही हे तपासायला महागडं काही लागत नाही. साधे तापमान-दमटपणा लॉगर घ्या आणि एक माणसाच्या उंचीवर, एक मधल्या रॅकवर, एक पत्र्याखाली टांगा. पत्र्याखालच्याला किरणांपासून आडोसा करा, नाहीतर तो हवेचं नव्हे, पत्र्याचं तापमान सांगेल. दोन आठवड्यांची नोंद मॉडेलशेजारी ठेवा आणि हवाबदलाचा आकडा जुळेपर्यंत हलवा. जुळत नसेल तर पत्र्याची शोषकता तपासा. नव्या चकचकीत पत्र्याचे आकडे जुन्या मळक्या पत्र्याला लावलेले असतात.

शेडचा स्वतंत्र झोन केल्यावर प्रोग्रॅम एक आकडा फुकट देतो, जो बहुतेक रिपोर्टमध्ये छापलाच जात नाही: शेडचं स्वतःचं तापमान. केबिनचा लोड काढून झाला की तो बाजूला पडतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तोच सर्वांत मोलाचा आकडा आहे, कारण केबिनमध्ये तीन माणसं बसतात आणि त्या ४५ अंशांत हमाल, पॅकिंग करणाऱ्या बाया, पिकर आणि ड्रायव्हर दिवसभर राबतात. त्यांच्यासाठी कुठलाही एसी येणार नाही. पण त्याच शेडच्या पत्र्याला पांढरा परावर्तक रंग देऊन शोषण ६० वरून ३० टक्क्यांवर आणलं, तर वरच्याच हिशेबात शेड ४५ वरून साडेचाळीसच्या खाली येतं. पत्र्याखाली ५० मिलिमीटर ग्लासवूल लावलं तर साडेअडतीसवर, म्हणजे जवळजवळ बाहेरच्याइतकं. आणि केबिनचा लोडही त्याबरोबर उतरतो, तो एसीच्या बिलात मालकाला दिसतो.

म्हणून पुढच्या वेळी केबिनच्या एसीचा टनेज कागदावर लिहाल, तेव्हा त्याच कागदावर शेडचं दुपारचं तापमान लिहा: आजचं, पत्रा रंगवल्यानंतरचं आणि ग्लासवूल लावल्यानंतरचं. तो कागद मालकाला फेब्रुवारीत द्या. मार्चमध्ये पत्रा रंगवायला मजूर मिळतात; मे महिन्यात त्या पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.